फॉरमॅट न मारता

कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाला आपल्याकडे सरसकट 'इंजिनिअर' म्हणतात. पाठीवर सॅक आणि हातात स्क्रू ड्रायव्हर एवढी पात्रता पुरते. हा इंजिनिअर येतो, मशीन चालू करतो, ते सुरू होईपर्यंत घरातल्यांच्या तक्रारी ऐकून घेतो आणि निदान सांगतो : "फॉरमॅट मारावा लागेल." मशीन हळू चालतंय, फॉरमॅट. प्रिंटर कागद ओढत नाही, फॉरमॅट. पंखा घुरघुरतोय, त्यालाही फॉरमॅट. मारल्यावर पंखा घुरघुरतच राहतो, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

यावर दुकानातल्या किंवा घरातल्या जाणत्या माणसाचं उत्तरही ठरलेलं असतं. "तेवढं सोडून काय वाटेल ते कर."

वरवर पाहिलं तर ही धास्ती अनाठायी आहे. फोटो, पत्रं, हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवता येतात, आणि इंजिनिअर तसं सांगतोही : "डेटा कुठे जात नाही, काका." पण काकांचा जीव डेटात अडकलेला नसतोच. तो अडकलेला असतो बसलेल्या घडीत. डेस्कटॉपवर उजव्या रांगेत खालून तिसरं चित्र टॅलीचं असतं. 'न्यू फोल्डर (४)' मध्ये काय आहे ते जगात फक्त त्यांना ठाऊक असतं. कुठली कळ दाबली की 'ज्ञ' उमटतो हे बोटांना पाठ असतं, डोक्याला विचारलंत तर सांगता येणार नाही. वीजबिल भरायच्या साइटचा पासवर्ड ब्राउझरला माहीत असतो, काकांना नसतो. ही घडी कुठल्याच एका फाइलीत नसते, त्यामुळे ती कॉपी करून पेनड्राइव्हवर घेता येत नाही. फॉरमॅट मारला की जाते ती हीच.

घडीसकट सगळं मशीन उचलून ठेवायची सोय मात्र आहे. तिला सिस्टम इमेज म्हणतात. डिस्कवर जे जे असेल त्याची, म्हणजे विंडोज, प्रोग्राम, फॉन्ट, सेटिंगा, पासवर्ड, इतकंच काय, कचरापेटीत टाकलेल्या कचऱ्याचीही जशीच्या तशी नक्कल करून बाहेरच्या डिस्कवर ठेवायची. उद्या मूळ डिस्कने मान टाकली तर नवी बसवायची आणि तिच्यावर ही इमेज ओतायची. इमेजला आपपरभाव नसतो. तुमचा हिशेब येतो तसा तुमचा व्हायरसही येतो.

आपल्याकडे ही कला आली ती 'घोस्ट' नावाच्या प्रोग्रामबरोबर. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या मरे हॅझार्ड यांनी तो नव्वदच्या दशकात लिहिला. १९९८ साली सिमँटेकने त्यांची कंपनी विकत घेतली, आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेंमध्ये 'घोस्ट मारणे' हे क्रियापद रुळून गेलं. एक मशीन नीट लावायचं आणि बाकीच्यांवर त्याचं घोस्ट मारायचं. रात्री मारून ठेवलं की सकाळी पोरांनी पुन्हा वाट लावायला मशीनं सज्ज.

त्या काळात लॅबवाल्यांना एका गोष्टीची फार धास्ती असे. विंडोज घालताना प्रत्येक मशीनला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात. घोस्ट मारलेल्या सगळ्या मशीनांचा क्रमांक एकच होणार, आणि त्यातून काहीतरी भयंकर होणार, अशी समजूत होती. म्हणून 'न्यूएसआयडी' नावाचा छोटा प्रोग्राम चालवून प्रत्येक मशीनला वेगळा क्रमांक देत. मार्क रुसिनोविच यांनी ब्राइस कॉग्सवेल यांच्या जोडीने तो लिहिला होता. २००९ मध्ये खुद्द रुसिनोविच यांनीच जाहीर केलं की, बराच शोध घेऊनही त्या सारख्या क्रमांकामुळे काही बिघडल्याचं उदाहरण मला सापडलं नाही. आणि तो प्रोग्राम मागे घेतला. लॅबवाल्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि जुनी कॉपी जपून ठेवून क्रमांक बदलणं चालू ठेवलं. उगाच विषाची परीक्षा कोण घेईल?

तर घोस्टचं सुख इथवरच. लॅबमधली मशीनं एकाच खरेदीतली, एकाच जातीची असत, म्हणून एकाची घडी दुसऱ्याला बसे. जुनं मशीन जातं, नवं वेगळ्या जातीचं येतं, आणि जुन्याची इमेज नव्यावर घालायची वेळ येते तेव्हा खरा तमाशा उभा राहतो.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं आणि पावतीपुस्तकं जुळवून देणारे एक काका आहेत. त्यांचा संसार पेजमेकर आणि श्रीलिपीवर. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ साली निघाली आणि तीच शेवटची ठरली, पण काकांच्या दृष्टीने त्यानंतर सुधारण्यासारखं काही उरलंही नव्हतं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत जुळवलेल्या पत्रिकांच्या शेकडो फाइली त्यांच्याकडे आहेत. त्या फॉन्टांशिवाय फाइल उघडली, तर 'चि. सौ. कां.' च्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि काट्याकुट्यांचा पसारा दिसतो. एकाच घरातल्या थोरल्या मुलीची पत्रिका काढून तिच्यात धाकटीचं नाव घालणं हा या धंद्याचा प्राण, आणि तो प्राण विंडोज ७ च्या त्या एका मशीनमध्ये होता.

त्या मशीनच्या मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगले. तुळशीच्या लग्नानंतरचा, ऐन मोसमाचा काळ. सुदैवाने काकांच्या पुतण्याने मध्यंतरी इमेज काढून ठेवली होती. नवं मशीन आलं, वहीएवढ्या जागेत मावणारं, आवाज न करणारं. इंजिनिअरने त्यावर इमेज ओतली. काका पेजमेकरचं चित्र उघडायला हात सरसावून बसले. विंडोजचा झेंडा उमटायला लागला, आणि तो पुरता उमटायच्या आत सगळा पडदा निळा झाला.

निळ्या पडद्यावर जो आकडा येतो त्याच्या शेवटी '७बी' असतं आणि नाव असतं 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. थोडक्यात, ज्या डिस्कवरून मी उठते आहे ती डिस्कच मला सापडत नाही, असं विंडोजचं म्हणणं. माणूस चक्रावतो. अगं, मग आत्तापर्यंत झेंडा कुठून आणून दाखवलास?

खुलासा असा आहे. मशीन सुरू होताना पहिले काही क्षण डिस्क वाचायचं काम बोर्डवरचा बायोस करून देतो. विंडोजचा गाभा आणि सुरुवातीला लागणारे मोजके ड्रायव्हर तोच मेमरीत आणून ठेवतो. मग विंडोज कारभार हातात घेते आणि बायोसला सांगते, आता तू बस, पुढचं मी बघते. इथून पुढे तिला डिस्क स्वतःच्या ड्रायव्हरने वाचावी लागते, आणि तो ड्रायव्हर असतो जुन्या बोर्डच्या कंट्रोलरचा. नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर असला तर तो डिस्कवर असतो, आणि डिस्क तर दिसत नाही.

पुण्यात सध्या गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंट चालू आहे. जुन्या दोन मजली इमारतीतून नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेले आजोबा रात्री झोपेतून उठतात, सवयीने डावीकडे वळतात आणि भिंतीवर आदळतात. सगळं आयुष्य संडास डावीकडेच होता. दिवा लावला तर सगळं दिसेल, पण दिव्याचं बटण कुठे आहे ते शोधायला आधी दिवा हवा. सकाळी त्यांना उजेडात घर दाखवलं की ते दोन दिवसांत सरावतात. विंडोजला सकाळच होत नाही, ती त्या भिंतीशीच निळी पडते.

यातला चीड आणणारा प्रकार म्हणजे कधीकधी ड्रायव्हर अगदी हाताशी असतो. विंडोज ७ जुन्या आयडीई पद्धतीच्या मांडणीत घातलेली असेल आणि नवं मशीन एएचसीआय पद्धतीचं असेल, तर एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजमध्ये पहिल्यापासून आहेच. फक्त रजिस्ट्रीत त्याच्या नावापुढे 'स्टार्ट' म्हणून ३ लिहिलेलं असतं, म्हणजे 'बोलावलं तर येईन'. तिथे ० हवा, म्हणजे 'पहाटेपासून हजर'. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हा. जाणकार लोक दुसऱ्या सीडीवरून मशीन चालू करून बाहेरूनच त्या रजिस्ट्रीत शिरतात, ३ चा ० करतात, आणि मशीन काहीच झालं नसल्यासारखं उठतं. गिऱ्हाइकाला वाटतं, इंजिनिअरने नुसतंच बंद करून चालू केलं, त्याचे एवढे पैसे कसले?

काकांच्या नशिबी तो ० सुद्धा नव्हता. त्यांच्या नव्या मशीनमधली डिस्क एनव्हीएमई जातीची, आणि विंडोज ७ ज्या साली म्हणजे २००९ मध्ये बाजारात आली, तेव्हा ही जात बाजारात यायची होती. तिचा ड्रायव्हर इमेजमध्ये असायचा प्रश्नच नाही. बाहेरून एक ड्रायव्हर घातला, तर पुढची अडचण उभी : विंडोज ७ सोबत यूएसबी ३ चा ड्रायव्हर येत नाही, आणि नव्या बोर्डांवर दुसरं काही नसतं. म्हणजे पडद्यावर 'पुढे जाण्यासाठी कुठलीही कळ दाबा' असं दिसतं, आणि कुठलीही कळ दाबली तरी मशीनला ती कळत नाही. काकांनी एंटर दाबला, स्पेसबार दाबला, शेवटी कीबोर्डच उचलून आपटला.

मायक्रोसॉफ्टकडे यावर राजमार्ग आहे, त्याचं नाव सिसप्रेप. इमेज काढण्याआधी तो चालवायचा आणि 'जनरलाइझ' म्हणून आज्ञा द्यायची. मग विंडोज आपलं मशीनचं नाव, तो ओळखक्रमांक, अंगावरच्या हार्डवेअरच्या नोंदी हे सगळं विसरते आणि पुढच्या वेळी जिथे जागी होईल तिथलं हार्डवेअर नव्याने ओळखून घेते. मोठ्या कंपन्यांत असंच करतात. फक्त हे शहाणपण जुनं मशीन धडधाकट असताना सुचावं लागतं. तुम्ही-आम्ही इमेज काढतो ती डिस्क मरेल या भीतीने. बोर्ड मरेल असं कुणाच्या मनातच येत नाही, आणि डिस्क बापडी शाबूत असताना मरतो तो बोर्डच.

नंतर जागे झालेल्यांसाठीही औषधं आहेत. ॲक्रोनिसचा युनिव्हर्सल रिस्टोअर किंवा मॅक्रियमचा रीडिप्लॉय इमेज ओतून झाल्यावर विचारतो, नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर कुठे ठेवलाय? तो दिला की आतल्या विंडोजच्या अंगात टोचतो. तैवानमधल्या सरकारी संगणक केंद्रात तयार झालेला क्लोनझिला फुकट आहे आणि इमानी आहे, पण तो नक्कल करतो, उपचार करत नाही. लिनक्सवाले या सगळ्या गोंधळाकडे पाहून मिशीत हसतात. त्यांचा गाभा बहुतेक वितरणांत दरवेळी हार्डवेअर तपासत उठतो. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली आणलेली क्नॉपिक्सची सीडी तर कुणाच्याही मशीनमध्ये घाला, नेहमीचं बिऱ्हाड असल्यासारखी चालू व्हायची. तिच्या मागे कसलीच घडी नसायची, हे तिचं सुख.

एक अडचण मला विशेष प्रिय आहे, कारण तिच्यात तंत्र कमी आणि बाणा जास्त. जुनी डिस्क ५०० जीबीची. तिच्यात भरलेला माल ६० जीबीचा. नवी डिस्क ४८० जीबीची. विंडोजची स्वतःची इमेज नव्या डिस्कवर उतरायला साफ नकार देते, जागा अपुरी आहे म्हणून. मोकळ्या जागेसाठीही तिला पहिल्याएवढीच मोकळी जागा लागते. तिजोरीत चार रुपये असले तरी तिजोरी मोठीच हवी म्हणणारी मंडळी मी पाहिली आहेत, पण ती निदान ऐकून तरी घेतात.

नव्या विंडोजबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. एक्सपीच्या काळी हार्डवेअरशी बोलणारा 'हॅल' नावाचा थरसुद्धा मशीनच्या जातीनुसार एकदाच निवडला जाई, आणि वेगळ्या जातीच्या मशीनवर गेलं की कारभार तिथेच आटोपे. व्हिस्टापासून ही निवड दर वेळी सुरू होताना होऊ लागली. विंडोज १० ची इमेज आज अनोळखी मशीनवर टाकली, तर पुष्कळदा ती 'डिव्हाइसेस तयार करत आहे' असं म्हणत थोडी घुटमळते आणि उठून बसते. वायफाय चालत नाही, कारण वायफायचा ड्रायव्हर इंटरनेटवर आहे, आणि इंटरनेट वायफायवर. पण तिला निदान पडद्यावर रडता तरी येतं.

आणि उठली की एक प्रयोग जरूर करावा. डिव्हाइस मॅनेजर उघडून 'व्ह्यू' मध्ये जायचं आणि 'शो हिडन डिव्हाइसेस' वर खूण करायची. नव्या हार्डवेअरच्या मधेमधे फिकट चित्रं उमटतात. तो जुना मॉनिटर, ते मोडीत दिलेलं मोडेम, शेजाऱ्याचा म्हणून एकदाच लावलेला प्रिंटर, मागच्या मशीनचं साउंड कार्ड, आणि आजवर खुपसलेले कुणाकुणाचे पेनड्राइव्ह. त्यातला एकही आता जोडलेला नाही, तरी विंडोजने नोंद ठेवली आहे, न जाणो, आलाच परत तर. फिकट नावावर जाऊन ती काढून टाकता येते. मी अशी यादी साफ करायला बसलेले लोक अर्ध्यात थांबलेले पाहिले आहेत. "राहू दे, काय खातंय?" असं म्हणून ते खिडकी बंद करतात.

काकांचं काम शेवटी वेगळ्याच वाटेने झालं. पुतण्याने नव्या मशीनवर नवी विंडोज घातली आणि तिच्यात व्हर्च्युअलबॉक्स. हा प्रोग्राम एका खोट्या कॉम्प्युटरचं सोंग उभं करतो, आणि विंडोज ७ साठी तो सोंग घेतो ते इंटेलच्या १९९६ सालच्या पीआयआयएक्स३ या चिपसेटचं. आतल्या जुन्या विंडोजला हा चेहरा ओळखीचा. इमेज त्या खोट्या मशीनवर ओतली, थोडे आढेवेढे झाले, पण निळा पडदा काही आला नाही. श्रीलिपीचं यूएसबी डोंगलही आत पोहोचवता आलं. राहिलं ॲक्टिव्हेशन. मशीनबरोबर आलेली ओईएम विंडोज त्याच बोर्डबरोबर सती जाते, पण काकांनी त्या वेळी पेटीतली पूर्ण किमतीची घेतली होती, ती नव्या मशीनवर नेता येते. फोनवरच्या यंत्रबाईला ५४ अंकी क्रमांक वाचून दाखवायचं काम काकूंनी केलं. पत्रिकांची प्रुफं तपासून तपासून त्यांची नजर पक्की झालेली होती.

टॅलीचं चित्र उजव्या रांगेत खालून तिसरंच होतं. काकांनी सगळीकडे फिरून खात्री करून घेतली आणि म्हणाले, "अरे, हे तर माझंच जुनं मशीन आहे!"

"हो काका. तेच तर हवं होतं ना तुम्हाला?"

"हो रे, पण मग नवं घेतलं कशाला?"

पुतण्याला याचं उत्तर देता आलं नाही. मलाही येत नाही. इतक्या ताकदीचं नवं मशीन घ्यायचं आणि त्याला १९९६ चं सोंग घ्यायला लावून त्यात २००१ चा पेजमेकर चालवायचा, याला विज्ञान म्हणायचं की हट्ट, ते ठरवणं अवघड आहे. पण त्या मोसमात पत्रिका वेळेवर छापून गेल्या.

माझं मत विचाराल तर नव्या मशीनवर जुनी इमेज घालायच्या फंदात, काकांसारखी खरोखर नड असल्याखेरीज, पडू नये. नवी विंडोज घालावी, डेटा आणावा, चित्रं पुन्हा लावावीत. दोन आठवडे चिडचिड होते, मग बोटं नवी जागा शिकतात, आणि जुन्याचा तो फिकट गोतावळा मागे राहतो. पण इमेज काढायची मात्र सोडू नये. त्याच मशीनची डिस्क गेली तर तिच्यासारखा आधार नाही. विंडोज ११ च्या कंट्रोल पॅनेलमध्येही ही सोय 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' अशा नावाने बसलेली आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ती मोडीत काढायच्या यादीत घातली, १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा आधारही काढून घेतला, तरी ती आपल्या जागी आहे आणि काम करते.

तेव्हा मशीन आज चालू असेल, तर आजच बाहेरची डिस्क जोडा आणि इमेज काढा. तिच्यावर 'विंडोजइमेजबॅकअप' नावाचा एक फोल्डर तयार होईल. तो डिस्कच्या अगदी बाहेरच्या पातळीवरच राहू द्या, आणि हात कितीही शिवशिवले तरी त्याचं नाव बदलून 'जुना बॅकअप फायनल' करू नका. नाव बदललं की रिस्टोअर करताना विंडोजला तो सापडत नाही.